आधी ठिकाण सांगा

संदेश कुडाळकरांच्या जुन्या मोटारसायकलच्या हँडलवर इरफान मेकॅनिकनं जीपीएस घट्ट बसवला. आता तो सगळ्याच गाड्यांना सक्तीचा झाला होता.

"काका, ठिकाण सांगितल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही."

"अरे, फाट्यावर पोचल्यावर ठरवायचो मी, डावीकडे की उजवीकडे. जन्मभर तसाच फिरलो."

"ते आता बंद, काका."

कुडाळकरांनी हेल्मेट चढवलं. "ने तुला वाटेल तिकडे," ते यंत्राला म्हणाले.

यंत्रानं त्यांच्या फोनमधल्या गेल्या वर्षभराच्या फेऱ्या चाळल्या. "दवाखाना की औषधांचं दुकान?"

कुडाळकरांनी हेल्मेटचा पट्टा आवळला.

"दवाखाना," ते शेवटी थकून म्हणाले.

इंजिन धडधडलं. तो ओळखीचा आवाज ऐकताच ते पुढे वाकले आणि त्यांनी हळूच विचारलं, "लांबच्या रस्त्यानं नेशील?"