आधी दिवा, मग पाणी

“आधी दिवा, मग पाण्याचा घोट. आणि काडी फुंकून विझवू नका हो,” सकाळी ऑपरेशनला आत नेतानाही तिने नवऱ्याला पुन्हा बजावलं होतं.

पित्ताशयाच्या भिंतीत चुना साठून ते चिनी मातीच्या कपासारखं कडक झालं होतं. “काढून टाका, आत कॅन्सर धरू शकतो,” असं डॉक्टरांनी सहा महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं. तिचं आपलं एकच, “दुखत तर नाही ना? वर्षाचा नेम पुरा होऊ दे.” नेम कशासाठी, ते मात्र सांगायची नाही. शेवटी त्याने हात जोडले. “उरलेले चाळीस दिवस मी लावतो दिवा. वचन देतो.”

“तुम्ही? आधी देवाला तुमची ओळख करून द्यावी लागेल,” म्हणत ती हसली आणि तयार झाली.

ऑपरेशन थिएटरमधून डॉक्टर बाहेर आले. “उशीर झाला. यकृतात पसरलंय. काही न काढताच टाके घातले.”

तो बाकावर बसला. “त्या नेमानंच घात केला तिचा. आता कसला दिवा न् कसलं काय!”

मुलीने पाण्याचा पेला पुढे केला. “बाबा, आईनं शपथ घातली होती, पण सांगते. तुम्ही छातीत कळ येऊन पडलात ना, त्याच दिवशी तिनं तो नेम धरला.”

त्याने भरलेला पेला तसाच परत दिला.

“काडेपेटी कुठं ठेवते गं ती?” एवढंच विचारून तो घराकडे निघाला.