अर्धा आटा

तिला जाऊन चाळीस मिनिटं झाली होती, आणि तो बोल्ट परत आवळला की नाही हे फोरमनला काही केल्या आठवत नव्हतं.

तो खिडकीपाशी गेला, दारापाशी आला, पुन्हा खिडकीपाशी गेला. वीस मिनिटांत येते असं सांगून मुलगी मोटरसायकल घेऊन बाहेर पडली होती. रविवारची सकाळ, गल्लीत सामसूम. एवढ्या शांततेत तिच्या गाडीचा आवाज दोन चौकांवरून ऐकू आला असता. पण येत होते ते फक्त शेजारच्या मिक्सरचे आवाज.

"अहो, बसा की घटकाभर," बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली. "गाडी तिची, इंजिन तिचं, आणि कळा तुम्हाला!"

तो बसला आणि लगेच उठला.

गेले चार महिने घरात हा एकच विषय होता. मुलीने घरामागच्या पत्र्याच्या शेडखाली स्वतःच्या गाडीचं इंजिन उघडलं होतं. मोठा पिस्टन, नवा सिलिंडर, त्याला जुळणारा कार्बोरेटर, सगळं ती स्वतः बसवणार होती. आणि बाप कोण, तर कंपनीच्या शोरूममध्ये सव्वीस वर्षं वर्कशॉप सांभाळणारा फोरमन! "शोरूमला आण," तो रोज म्हणायचा. "माझी माणसं दोन दिवसांत करून देतील. वर कागद मिळेल, जबाबदारी कंपनीची." त्यावर ती हातावरचं ग्रीस पुसत म्हणायची, "गाडी कागदावर नाही चालवायची, बाबा."

शेवटी दोघांचं ठरलं. इंजिन नीट चाललं तर तिने कोपऱ्यावरचा गाळा घेऊन स्वतःचं गॅरेज टाकायचं. नाही चाललं तर निमूटपणे शोरूमच्या काउंटरवर बसायचं. ती जागा फोरमनने मालकाकडे शब्द टाकून धरून ठेवली होती. आज गाडी पहिल्यांदाच रस्त्यावर जाणार होती.

म्हणून तर तो पहाटे, ती उठायच्या आत, पाना घेऊन पत्र्याखाली शिरला होता. पोरीची काळजी होतीच. पण खरं सांगायचं तर एखादी चूक सापडावी अशीही त्याची इच्छा होती. एक सापडेल तर शपथ. नट न् नट जिथल्या तिथे. सगळ्यात शेवटी तो इंजिनखालच्या ऑइलच्या बोल्टाकडे वळला.

वर्कशॉपची एक रीत होती. फोरमनने बोल्ट अर्धा आटा सैल करून पाहायचा, किती ताकदीने आवळलाय ते हाताला कळलं की पुढे सरकायचं. मागून येणारा माणूस तो पुन्हा आवळायचा आणि वर पांढरा ठिपका द्यायचा. सव्वीस वर्षं फोरमनने सैल केलेला प्रत्येक बोल्ट दुसऱ्याच कोणीतरी आवळला होता. पत्र्याखाली मागून येणारं कोणी नव्हतं. तेवढ्यात बायकोने चहाला हाक मारली. पाना पुसून ठेवल्याचं त्याला स्पष्ट आठवत होतं. त्याच्या आधीचं आठवत नव्हतं.

बोल्ट निसटला तर तेल सरळ मागच्या चाकावर येणार. तेलावर चाक आलं की काय होतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्याने तिसऱ्यांदा फोन लावला. ती उचलत नव्हती. गाडीवर असताना फोन उचलायचा नाही, हे त्यानेच तिला बजावलेलं. बायकोला सांगावं तर जीभ रेटेना. त्याने चपला पायात सरकवल्या आणि दाराची कडी काढली.

फाटक करकरलं. इंजिनचा आवाज नाही, काही नाही, मुलगी गाडी ढकलत आत येत होती. घामाने निथळत होती. उजवा बूट तेलाने काळा झाला होता.

"लागलं का कुठे?" तो पुढे धावला.

"नाही. पुलाच्या वळणावर मागचं चाक सटकलं. पडता पडता सावरले. खाली वाकून बघते तर तेल गळतंय. ऑइलचा बोल्ट सैल. लगेच इंजिन बंद केलं आणि तिथून ढकलत आणली."

आई पाणी आणायला आत धावली. मुलगी पायरीवर बसली.

"काय पळत होती हो गाडी, बाबा," ती म्हणाली. मग वाकून बुटावरचं तेल पुसू लागली. "पण एक साधा बोल्ट मला आवळता येत नाही आणि मी निघालेय गॅरेज टाकायला. तुमचंच खरं होतं. उद्यापासून येते काउंटरवर."

चार महिने फोरमन या वाक्यासाठी झुरला होता. आता नुसती मान हलवायची होती. मुलगी पंख्याखाली बसली असती, वेळेवर घरी आली असती, पुन्हा कधी कुठल्या वळणावर घसरली नसती. आणि सकाळचं कोणाला काही कळलंही नसतं. त्याला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. तो तिच्याशेजारी पायरीवर मटकन बसला.

"तो बोल्ट मी सैल केला," तो म्हणाला. "सकाळी, तू झोपली होतीस तेव्हा. तुझं काम तपासायला गेलो आणि परत आवळायचाच राहिला. आज माझ्यामुळे तू..."

आई पाण्याचा पेला घेऊन दारातच थबकली. आता पोरगी हेल्मेट फेकून मारेल, नाहीतर आयुष्यभर बोलणार नाही, अशी मनाची तयारी करून तो मान खाली घालून बसला.

मुलीने त्याच्या खांद्याला धरून त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं. तिचे डोळे भरले होते.

"म्हणजे बाबा, मी नीट आवळला होता?"