शिळं पाणी

आठवड्याच्या आत चौथा मासाही मरून तरंगला, तेव्हा द्वारकाबाईंनी तो जुन्या गाळण्याने उचलला आणि मोगऱ्याच्या कुंडीत पुरला.

"आई, टाकीतलं सगळं पाणी रोज बदलत होतीस?" मुलाने विचारलं. त्यांना फ्लॅटमध्ये करमावं म्हणून त्यानेच मासे आणले होते.

"मग काय, शिळ्या पाण्यात ठेवू त्यांना? पिण्याचं पाणीसुद्धा कालचं कधी ठेवलंय का मी?"

"तेच चुकलं. दुकानदार म्हणतो, मासे मुरलेल्या पाण्यातच जगतात. एकदम सगळंच नवं त्यांना सोसत नाही."

द्वारकाबाईंनी खिडकीच्या ग्रिलमधून खाली पाहिलं. वाईचं घर विकून मुलाने त्यांना या चौदाव्या मजल्यावर आणलं, त्याला आता चार महिने झाले होते.

"दुकानदाराला बरं कळतं," त्या म्हणाल्या.