दार उघडं ठेवून

फोन तनुजाकडेच होता. चतुराबाईंना आता तसूभरही शंका उरली नव्हती.

काल दिवेलागणीला गोठ्यातून घूं घूं असा आवाज आला. गाय काही तसा आवाज काढत नाही. चतुराबाई उंबऱ्यापर्यंत पोचतात तोच सून बादली आपटत बाहेर आली. "भुंगा होता, आत्याबाई," म्हणाली, तेही न विचारता. ऐन थंडीत कुठला आलाय भुंगा!

आणि आज सकाळी तिनं तूप घेऊन पिशोरच्या बाजाराला जायचं काढलं. दर आठवड्याला चतुराबाई जायच्या. "तुमचा गुडघा सुजलाय, मी जाते," म्हणत ती पिशोरला टपरी असलेल्या सरदारच्या जीपमध्ये चढलीसुद्धा. एरवी बाजार म्हटलं की नाक मुरडणारी पोरगी ही.

जीप वळणाआड गेली आणि चतुराबाईंनी घर उपसायला घेतलं. तुरीच्या डाळीच्या मडक्यात तळापर्यंत पुन्हा एकदा हात घातला. नुसती डाळ. गोधड्या झटकल्या, तनुजाची पेटी उलथीपालथी केली, गव्हाणीतला कडबाही उचकला. काही नाही.

"काय हुडकायलीस?" चतुराबाईंचे यजमान, नानासाहेब, दारात उभे होते.

"सुई." चतुराबाईंनी खाटेवरचं अर्धवट दुपटं उचलून दाखवलं.

"एवढुसं दुपटं कुणासाठी?"

"कुणासाठी नाय. चिंध्या वाया जात्यात म्हणून."

नानासाहेब शाळेत मास्तर होते. अमेरिकेतल्या आमिश लोकांविषयी त्यांनी कुठेतरी वाचलं आणि माणूस पुरता झपाटला. ते लोक म्हणे घोड्यांनी शेती करतात, घरात विजेची तार येऊ देत नाहीत आणि फोन लागलाच तर तो शेताच्या कडेला खोपटात ठेवतात. नानासाहेबांनी भावकीतली चार घरं पटवली आणि पिशोरच्या अलीकडे वस्ती वसवली. घोड्यांच्या जागी बैल आले, बाकी नियम जवळपास तेच. वस्तीचा फोन एकच, रस्त्याकडेच्या पत्र्याच्या खोलीत. बोलायचं ते दार उघडं ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. घरात फोन सापडला तर त्या माणसानं वस्ती सोडायची आणि मागच्यांनी त्याचं नावही काढायचं नाही.

पहिली गेली ती त्यांचीच लेक, श्रेया. उशीच्या खोळीत तिचा फोन निघाला. तो टाकून द्यायला ती तयार होईना, म्हणून औरंगाबादला निघून गेली. तिला वस्तीबाहेर काढायच्या बैठकीत बायकांमधून पहिला हात वर झाला तो चतुराबाईंचा. तेव्हापासून सगळी वस्ती त्यांना वचकून असे. नियमाला त्यांच्याइतकं कडक कुणीच नव्हतं.

नानासाहेब खाटेवर टेकले. "शेजारच्या कचरूच्या बायकोनं काल आपल्या गोठ्यातून फोनचा आवाज ऐकला म्हणती. सांजच्याला बैठक हाय. झडती व्हईल."

"आपल्या घराची?"

"आपल्याच आधी. पोराला, शिवराजला, सांगून ठिवलंय, तुझी बायको असली तरी मधी बोलायचं नाय. मागच्या वक्ताला जे केलं, तेच करायचं. मग कुणी का असंना."

बोलताना त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. काठी उचलली आणि माणसं गोळा करायला निघून गेले.

चतुराबाई दुपटं घेऊन खाटेवर बसल्या. या वयात पुन्हा तेच सगळं, तीच बैठक, तेच गाठोडं, त्याच खाली घातलेल्या माना. झडतीच्या आत फोन हाती लागायलाच हवा होता. एकदा लागला की विहीर काही लांब नव्हती. पण विहिरीचं मनात आलं आणि त्यांनी दुपटं आणखी जवळ ओढलं.

उन्हं कलली तेव्हा जीपचा आवाज आला. तनुजा उतरून घराकडे आली, पण जीप हलली नाही. वळणावरच थांबली. चतुराबाईंनी ते बरोबर हेरलं.

"उशीर झाला?"

"सरदारभाईंच्या टपरीवर थांबले होते."

"कशाला?"

"काम होतं."

"तुझं?"

तनुजानं पिशवीतून मीठ काढलं, हळद काढली, तुपाचं रिकामं भांडं पालथं घातलं.

"झडती हाय सांजच्याला," चतुराबाई म्हणाल्या.

"ठाऊक आहे. जीपमध्ये कचरूकाकांची बायको तेच सांगत होती."

"मंग जीप का थांबवलीस? पळून जायला?"

"नाही, आत्याबाई."

"पदराखाली काय हाय ते दाव मला." चतुराबाईंचा आवाज चढला आणि लगेच बसला. "तनुजा, पाया पडते तुझ्या. माणसं यायच्या आत दाव."

तनुजानं अंगणात डोकावून पाहिलं. कुणी नव्हतं. मग तिनं पदराखालून रुमालात गुंडाळलेला फोन काढला आणि सासूच्या मांडीवरच्या दुपट्यात अलगद ठेवला.

"डाळ काढताना हाताला लागला. तुम्हाला द्यायच्या आतच काल गोठ्यात वाजला आणि मग बंदच पडला. आज टपरीवर चार्जिंगला लावला, तर सरदारभाई म्हणाले, 'चाची तो हर हफ्ते यहींच चार्ज करती.'"

चतुराबाईंनी रुमालाची गाठ सोडली.

"झडतीआधी मी तो परत जीपमध्ये देऊन येते. तोवर बोलून घ्या," तनुजा उठत म्हणाली. "फोन सुरू होताच मेसेज आला. श्रेयाताईंना मुलगी झालीय, आत्याबाई. तुम्ही लावा फोन, मी दार लावून घेते."