रेघेबाहेरची भट्टी

काकांनी कारखान्याच्या नकाशावर लाल रेघ मारली आणि मागची भट्टीची शेड अलगद रेघेबाहेर ठेवली. "आपल्या क्वालिटी सिस्टीमची हद्द इथपर्यंत. उद्या ऑडिटर याच्या पलीकडे फिरकणार नाही." क्वालिटी सांभाळणाऱ्या पुतणीने कारखान्यात बनलेलं ब्रेकचं पेडल नकाशावर आपटलं. "आणि हे भट्टीत नाही, तर काय उन्हात ठेवून कडक होतं?" "अगं, भट्टीचा तापमापक बिघडलाय. सर्टिफिकेट जाईल!" "पेडल तुटलं तर गाडीतला माणूस जाईल." "फार शहाणपण शिकवू नकोस. रेघ मारली ती मारली." ती उठली. खाली जाऊन तिने दोघा कामगारांना हाक मारली, स्वतःचं टेबल उचलायला लावलं आणि थेट भट्टीसमोर मांडलं. काका धापा टाकत मागोमाग आले. "हे काय नवीन खूळ?" घाम पुसत ती खुर्चीत ऐसपैस बसली. "ऑडिटर आल्यावर आधी मलाच भेटणार ना, काका? द्या पाठवून इकडे."