आवाज परत येतोय

"जेवलास का?" आईने विचारलं, आणि पाठोपाठ कॉम्प्युटरमधून तिचाच आवाज परत आला. "...लास का?"

"ऐकलंस?" ती थोरल्याकडे वळून म्हणाली. "तीन रविवार हेच चाललंय. एकदा बोलायचं आणि दोनदा ऐकायचं. डोकं उठलंय माझं."

थोरला टेबलाच्या बाजूला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने उभा होता. पडद्यावर धाकटा होता. तो नोकरीसाठी दूरदेशी राहायचा आणि दर रविवारी सकाळी आईशी बोलायचा. थोरला आईच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचा. सभागृहांत माइक आणि स्पीकर बसवणं हा त्याचा धंदा. दोघा भावांत चार वर्षं अबोला होता.

कारण एवढंसंच. धाकट्याच्या लग्नात माइकची जबाबदारी थोरल्याची होती, आणि ऐन भाषणांच्या वेळी माइक मुके झाले. धाकटा शंभर माणसांसमोर हसत म्हणाला, "दादा गावभर आवाज पोचवतो, घरच्या कार्यात मात्र त्याची बोलती बंद." सगळे हसले. थोरल्याने न जेवता सामान गाडीत भरलं. त्यानंतर धाकट्याचा एकही फोन त्याने उचलला नाही.

आता त्याने बाह्या सरसावल्या. स्पीकरचा आवाज कमी केला. स्पीकर माइकपासून दूर, खिडकीत नेऊन ठेवले. आईच्या मोबाइलवर चुकून तोच कॉल उघडा नाही ना, तेही पाहिलं. शेवटी आईच्या कानांना हेडफोन लावला.

"आता बोल."

"काय बोलू?"

"काहीही. एक ते दहा म्हण."

आईने इमानेइतबारे दहापर्यंत आकडे म्हटले. "येतोय की," ती म्हणाली. "आठ तर चांगलाच ठणठणीत आला."

खरं तर थोरल्याला पहिल्याच मिनिटाला कळलं होतं. आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू आला, तर बिघाड बहुधा आपल्याकडे नसतो, समोरच्याकडे असतो. आईचा आवाज तिकडच्या स्पीकरमधून बाहेर पडत होता आणि तिकडच्याच माइकमध्ये शिरून परत येत होता. दुरुस्ती धाकट्यालाच करावी लागणार होती, आणि ती त्याला कोणीतरी सांगावी लागणार होती. म्हणून तर पाऊण तास तो इकडच्या वायरींशी झटापट करत होता.

त्याने हेडफोन काढून ठेवला आणि स्पीकर पुन्हा सुरू केले.

"त्याला विचार," तो आईला म्हणाला, "स्पीकर माइकला चिकटून ठेवलाय का?"

"स्पीकर कशाला चिकटलाय का, असं विचारतोय," आई पडद्याकडे बघत म्हणाली.

"कशालाच नाही," धाकटा आईलाच म्हणाला. "वीतभर लांब आहे."

"सेटिंगमध्ये प्रतिध्वनी थांबवायचा पर्याय असतो. तो चालू करायला सांग."

"प्रतिध्वनी चालू कर म्हणतोय."

"प्रतिध्वनी नाही गं. तो थांबवायचा पर्याय."

"थांबव म्हणतोय रे."

"म्हणजे कॉल बंद करू?" धाकट्याने विचारलं.

थोरल्याने कपाळाला हात लावला. इतका वेळ कसंबसं दाबून धरलेलं आता त्याला दाबवेना. त्याने खुर्ची ओढली, आईला जरा सरकायला लावलं आणि कॅमेऱ्यासमोर बसला.

"काही बंद करू नकोस," तो म्हणाला.

"...करू नकोस," त्याचाच आवाज परत आला. चार वर्षांनी भावाशी बोललेलं पहिलं वाक्य त्याला दोनदा ऐकावं लागलं.

धाकटा बघतच राहिला. त्याला आता चष्मा लागला होता आणि कपाळ जरा मोठं झालं होतं.

"दादा," तो म्हणाला, "त्या दिवशी लग्नात मी जे बोललो ना..."

"ते नंतर. आधी आवाज निम्मा कर."

धाकट्याने निमूटपणे केला.

"आता सेटिंग उघड. आवाजाचं. दिसतोय पर्याय? कर चालू."

थोरल्याने दोनदा "हॅलो" म्हणून पाहिलं. काहीच परत आलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर काम फत्ते झाल्याचं समाधान पसरलं. आई "चहा टाकते" म्हणत आत गेली.

"हं," थोरला खुर्चीत टेकून बसला. "लग्नाचं काय म्हणत होतास?"

धाकटा बोलला. मग थोरलाही बोलला. "चूक माझीच होती," तो म्हणाला. "एक वायर तपासायची राहिली होती. म्हणून तर जास्त झोंबलं." दोघेही हसले. बोलता बोलता वहिनीचं झालं, पोरांचं झालं, धाकट्याच्या घरातल्या गळक्या नळाचंही झालं. मग थोरल्याला मघापासून खटकत असलेली गोष्ट आठवली.

"एक सांग. हा पर्याय मुळात चालूच असतो. तू तो बंद कशाला केलास?"

धाकट्याने आवाज खाली आणला. "आई जवळ नाही ना?"

"स्वयंपाकघरात आहे."

"तिनेच करायला लावला. कुठे दाबायचं तेसुद्धा तिनेच सांगितलं. म्हणाली, तुझा दादा माणसाशी अबोला धरेल, पण बिघडलेल्या आवाजाशी त्याला तो धरता येत नाही."