बोलता बोलता घेतलेलं माप

आजोबांची खालची हिरडी झिजून सपाट झाली होती, एकही कवळी टिकत नव्हती. "हिला ऐकू येत नाही, माझे ओठ वाचते," आजींकडे पाहत ते म्हणाले. "ओठ आत गेले आणि आमचं बोलणंच खुंटलं." "कवळी बसेल," डॉक्टरीणबाई ठामपणे म्हणाल्या. हिरडीचा आधार नसला, तर जीभ आणि गालांचा घ्यायचा, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी आजोबांच्या तोंडात मापाचा मसाला बसवला. "हा घट्ट होईपर्यंत आजींशी बोलत राहा, म्हणजे हलणारी जीभ आणि गालच त्याला आकार देतील." आजोबा बोलत सुटले. आजींना काही कळेना, तरी कौतुकाने मान डोलावत राहिल्या. आठवड्याने त्या मापाची कवळी बसली. "त्या दिवशी काय सांगत होतात?" आजींनी विचारलं. आजोबांनी सांगितलं. "माझ्या भावाला नावं ठेवत होतात? आणि मी मान डोलावत होते?" आजोबा खदखदून हसले. कवळी जागची हलली नाही.